रणगाडा क्रमांक सात

रणगाड्याची प्रतिकृती जोडायचा संच चाळीस वर्षे जुना. क्रमांकाचा स्टिकर चिकटवण्यासाठी पाण्यात भिजवताच त्याचा चुरा झाला. तेव्हा निवृत्त हवालदार येसाजी खोपड्यांनी थरथरते मनगट टेबलाला टेकवले आणि त्या वीतभर रणगाड्यावर सातचा आकडा स्वतःच ब्रशने काढला.

स्पर्धेत परीक्षकांनी भिंग लावले. "काका, जोडणी बिनतोड आहे, रंगही सुरेख. पण हा सात पार लंगडतोय हो! छापील स्टिकर लावा, पहिलं बक्षीस तुमचंच."

"नाही लावणार."

"हट्ट कशाला? खऱ्या रणगाड्यावर असला आकडा असतो का?"

"आमच्या रणगाड्यावर होता. एकाहत्तरच्या लढाईत, गोळे पडत असताना, मीच काढला होता. तेव्हाही हात असाच कापत होता. बक्षीस खुशाल दुसऱ्याला द्या."