हात धुऊन हात लाव

“हात धुतलेस?” मिस्त्रींनी विचारलं.

सुनेने दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवले. ते नखांसकट तपासून झाल्यावरच मिस्त्रींनी तिला गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत घेतलं.

“ही कधी आली?”

“काल दुपारी, बाबा. तुम्ही झोपला होतात.”

मधोमध एटीव्ही उभी होती. चार फुगीर चाकं, मोटारसायकलसारखी दांडी, चिखल म्हणू नका, वाळू म्हणू नका, काहीही तुडवणारी जात. रंग उडालेला, सीट फाटलेली, वय पंचवीसच्या पुढे. दांडीला तारेने पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं होतं. कार्डाचे कोपरे मऊ पडले होते आणि तारेचं भोक फाटून चिकटपट्टीने सांधलं होतं. ‘धूर मारते. चढावर दम टाकते. इंजिन उघडून ताकद वाढवून द्या.’

“अक्षर बायकी आहे,” मिस्त्री म्हणाले.

“मालकाच्या बायकोने लिहिलं असेल.”

“मग तिच्याच जिवावर गाडी अजून चालतेय.”

सून हसली नाही. तिने पान्यांचा ट्रे जवळ सरकवला.

एवढ्या जुन्या गाडीचे नट म्हणजे मानपानावरून रुसलेले पाहुणे; मिनतवाऱ्या केल्याशिवाय हलत नाहीत. हे मात्र पाना लागताच फिरले. मिस्त्रींनी एक नट उजेडात धरला. आट्यांवर तेलाचं बोट फिरवलेलं होतं.

“कसताना तेल लावलंय कुणीतरी. हल्ली कोण लावतं?” ते म्हणाले आणि बाराच्या पान्यासाठी त्यांनी हात पुढे केला. मागायच्या आधीच तो तळहातावर आला.

“तयार झालीस की गं. कधी शिकलीस?”

“बघून बघून.”

इंजिनवरचं हेड निघालं. आत पिस्टनचं डोकं घासलेल्या भांड्यासारखं लख्ख होतं.

“धूर मारते म्हणे. मग काजळी कुठाय?”

“मालकाला काय कळतंय?” सुनेने चिंधी पुढे केली.

मिस्त्रींच्या मनात सिलिंडर मोठा करून वरच्या मापाचा पिस्टन बसवायचा होता. त्यांनी माप घेतलं. पिस्टन वरच्याच मापाचा होता. मग हवा जायची वाट घोटून गुळगुळीत करावी म्हणून त्यांनी आत बोट घातलं, तर बोट असं सरकलं की जणू आतून लोणी फिरवलंय. कार्बोरेटर मोठा लावावा म्हटलं, तर तोही मोठाच. त्याचं तोंड जुळवायला मधे एक कडी हाताने कानशीने घासून केली होती. सांध्यात नखही शिरेना.

“मी मनात आणायचा अवकाश, या आधीच्या कारागिराने करून ठेवलंय,” ते म्हणाले. झोपलेल्या बाळाच्या खोलीत उतरतो तसा त्यांचा आवाज खाली उतरला होता.

व्हॉल्व्ह गळतात का बघायला त्यांनी हेड उलटं करून त्याच्या खळग्यात रॉकेल ओतलं आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटांत एक थेंब पाझरला नाही.

“माझी दाढी पांढरी होईपर्यंत ठेवलं तरी गळायचं नाही.”

“ती झालीच आहे, बाबा.”

बाजूचं झाकण काढलं तेव्हा आतल्या अंगाला सुईने कोरलेली अक्षरं दिसली. ‘हात धुऊन हात लाव.’

मिस्त्री खोकला येईपर्यंत हसले. “माझ्यासारखाच खडूस दिसतोय! आणि ‘ह’ची शेपटी बघ, मासे धरायच्या गळासारखी वळवलीय.”

“असतात एकेकाच्या खोडी.”

हसू ओसरल्यावर ते स्टुलावर बसले. झाकण मांडीवर होतं. पन्नास वर्षांत त्यांनी दुसऱ्याचं उघडलेलं इंजिन शिव्या दिल्याशिवाय कधी बंद केलं नव्हतं. आज शिवी सुचेना.

“खरं सांग,” ते म्हणाले. “माझ्या हातून असं एक तरी झालं असेल का गं?”

सुनेने नट पुसता पुसता त्यांच्याकडे पाहिलं. “मी सांगितलेलं पटत नाही तुम्हाला.”

“तू सून. तू गोडच बोलणार. याला विचारायला हवं. हा तोंडदेखलं बोलायचा नाही.”

हेडखालचा सांधा बंद करणारं तांब्याचं गॅस्केट लाल तापवून मऊ करायला हवं, असं ते म्हणणार, तोवर सून ते चिमट्यात धरून स्वयंपाकघरातल्या गॅसकडे निघालीही होती.

चार वाजता इंजिन पुन्हा जोडून झालं. मिस्त्रींनी बटण दाबलं. एक ढेकर, आणि मग तो आवाज: भरलेला, खालून वर येणारा, कुठेही न अडखळणारा. फळीवरचे पाने किणकिणले. मिस्त्रींनी टाकीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. डोळे पुसायला त्यांनी चिंधी घेतली. गालावर काळा पट्टा उमटला.

काम झालं म्हणून त्यांनी कार्ड सोडवून केराच्या डब्यात टाकलं. मग कागदाचा कपटा घेऊन, जिभेचं टोक बाहेर काढून, सावकाश लिहिलं: ‘तुमचं काम पाहिलं. ते हात एकदा बघायचे आहेत. माझंही एखादं इंजिन बघा आणि खरं काय ते सांगा.’

“गाडीच्या मालकाला दे. म्हणावं, पोचव त्या कारागिराला. उद्या येईल ना तो?”

“येईल, बाबा. तुम्ही हात धुऊन घ्या.”

आत नळाचा आवाज सुरू झाला तशी तिने इंजिन बंद केलं. फळीवरचा पत्र्याचा डबा उघडून तिने ती चिठ्ठी कालच्या चिठ्ठीवर ठेवली. खाली गठ्ठा होता, रबराने बांधलेला. प्रत्येक चिठ्ठीत ‘हात’ होते आणि प्रत्येक ‘ह’ची शेपटी गळासारखी वळलेली होती. मग केराच्या डब्यातून तिने आपल्या अक्षरातलं कार्ड उचललं, चिंधीने पुसलं आणि उद्यासाठी दांडीला बांधलं.