पुढच्या सीटवरचा घड

लेकीकडे धुळ्याला निघताना कौतिकनानांनी असोद्याच्या मळ्यातला केळीचा घड पुढच्या सीटवर ठेवला, कारण डिक्कीत केळी चेंगरतात. शेवंताबाई नेहमीसारख्या मागे बसल्या. गाडी सुरू झाली आणि पुढच्या सीटच्या पट्ट्यासाठी टींटीं सुरू झाली.

"सरकारनं नसतं लचांड गळ्यात मारलंय," म्हणत नानांनी घडालाच पट्टा लावला. आवाज थांबला. घड नवरदेवासारखा ताठ बसला.

"अहो, माझा पट्टा कव्हरखाली दबलाय. काढून देता का?"

"मागे कोण लावतं? गाडी काही म्हणतेय का?"

अशा उत्तरांची शेवंताबाईंना सवय होती.

पारोळ्याजवळ एक ट्रॅक्टर अचानक आडवा आला. नानांनी करकचून ब्रेक मारला. शेवंताबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. नानांनी आधी घडावरून हात फिरवला.

"बघ, एक केळं सुटलं नाही!"

कपाळावरचं टेंगूळ पदरानं दाबत शेवंताबाई म्हणाल्या,



"कसं सुटेल? त्याच्यासाठी गाडी तरी ओरडली."