चौकटीवरची खूण

सेजलच्या बारशाच्या वर्षी ही फणसाची चौकट बसवली, म्हणजे दोन हजार दोन साली, असं गोकुळदास सांगत होते आणि देवेश उकिडवा बसून टेप सोडत होता.

"सेजल म्हणजे तुमची मुलगी?"

"मुलगी," त्यांची बायको सुमंगला म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

देवेश डिचोलीचा. किनाऱ्यावरच्या गावांच्या आपत्ती आराखड्याचं काम त्याच्याकडे होतं. मांद्र्यात तो चार दिवस फिरत होता. वहाळापलीकडच्या या वाड्यावर अकरा घरं होती, आणि शाळेला, बाजाराला जायला कठडा नसलेला एकच साकव. दोन हजार नऊच्या तुफानात एखाद्या घरात तीन फुटांच्या वर पाणी चढल्याचा पुरावा मिळाला, तर वाडा नकाशावर लाल पट्ट्यात जाणार होता. मग धोक्याचा भोंगा आणि साकवाच्या जागी कठड्याचा पूल. पुरावा नसेल तर वाडा पिवळाच राहणार, आणि पुढची पाहणी दहा वर्षांनी.

दहा घरांत त्याला काही मिळालं नव्हतं. अकरावं हे.

चौकटीवर सुरीने कापलेली आडवी खूण होती. घराला नुकताच रंग दिलेला. चौकटीची ती बाजू मात्र रंगाशिवाय सोडली होती.

"तीन फूट दहा इंच," देवेशने वाचलं. "पाणी इथपर्यंत?"

"इथपर्यंत," गोकुळदास म्हणाले.

"आणि या खालच्या? सहा आहेत."

सुमंगला चहा घेऊन दारात उभी होती. "दर वर्षाच्या. वर्षाला एक."

"म्हणजे दर वर्षी पाणी वाढत गेलं?"

"चार बोटं. कधी सहा."

"या सगळ्यात वरच्या खुणेनंतर?"

"त्यानंतर नाय," ती म्हणाली.

देवेशने लिहून घेतलं. असा पुरावा त्याला चार दिवसांत कुठेच मिळाला नव्हता. त्याने पुढचा रकाना काढला. "मनुष्यहानी. सरकारी दप्तरात या वाड्याची शून्य आहे. तेच लिहू, काका?"

गोकुळदासांनी कागदाकडे थोडा वेळ बघितलं. "दप्तरात आसा ता लिही."

"आता एका शेजाऱ्याची सही लागेल."

शेजारी यशवंत. त्याने वहाळाच्या काठावर पाहुण्यांसाठी दोन नव्या खोल्या बांधायला घेतल्या होत्या. वाडा लाल झाला की त्यांची परवानगी गेली. तो आला तो हसतच आला. त्याची नात ऋतिका पाठीवर दप्तर घेऊन मागोमाग.

"तीन फूट दहा? तुझ्या मिशेक लागला म्हण, गोकुळदादा! उंबऱ्याक सुद्धा पाणी लागूक नाय. माका सांगू नको, मी होतो त्या दिवशी."

"होतंस. म्हणानच तुझी सही होयी."

"आणि माझ्यो दोन खोल्यो? त्यो काय तू बांधून देतलंस, मांडवीच्या पलीकडे?"

"साकवावरसून रोज कोण येता-जाता, ता बघ आधी."

"चल, दादा. खोट्याक सही मी करूचंय नाय."

मोठ्यांचं चाललेलं असताना ऋतिका चौकटीला पाठ लावून उभी राहिली होती. टाचा चिकटवून, मान ताठ. तिचा भांग बरोबर वरच्या खुणेला लागत होता.

सुमंगलाने चहा खाली ठेवला. "थंय रावू नको, बाय," असं म्हणत तिने पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या हातात पावाचा उंडा दिला.

यशवंतचं हसू थांबलं. तो चौकटीपाशी गेला. खालच्या खुणेवर बोट ठेवून तो एकेक मोजत वर आला. सातव्या खुणेवर बोट तसंच राहिलं.

"वयनी," तो म्हणाला, "ह्यो अजून आसत?"



"काका," देवेश म्हणाला, "मला नीट सांगा. खोट्या पुराव्यावर नकाशा नाही काढता येणार. पाणी इथपर्यंत आलं होतं की नव्हतं?"

यशवंतने ऋतिकाकडे बघितलं. ती उंड्याचा कडक तुकडा दाताने तोडत होती.

"ह्याच्याही वयर होता," तो म्हणाला. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

त्याने सही केली. खोल्यांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. सही करून झाल्यावरही पेन त्याच्याच हातात होतं. ते देवेशला मागून घ्यावं लागलं.

वाडा लाल पट्ट्यात गेला. पुढच्या मे महिन्यात साकव मोडून पूल झाला. ऋतिका कठड्यावरून हात फिरवत शाळेत जाते. आराखड्याच्या शेवटच्या पानावर गोकुळदासांच्या चौकटीचा फोटो आहे आणि त्याखाली छापलंय: घरात चढलेल्या पाण्याची पातळी, २००३ ते २००९.

त्या सातही खुणा सुमंगलाने दर वाढदिवसाला मुलीला चौकटीला टेकवून उभं करून केल्या होत्या. सेजल दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात, तुफानाच्या दिवशी, शाळेतून घरी येताना साकवावरून वाहून जाऊन वारली. तिला यशवंतने बाहेर काढलं; सरकारी दप्तरात 'पाय घसरून' असं लिहिलेलं आहे.