बांधाला बांध, पाच मैदानं

स्कॉटलंडला लेकाकडं तीन महिने राहून केरबाआबा मंगळवार पेठेत परतले, तेव्हापासून तालमीच्या कट्ट्यावर त्यांना दुसरा विषय नव्हता.

“बांधाला बांध लागून गोल्फची पाच मैदानं हाईत. परत्येक येगळ्या माणसानं आखलंय. एकानं वाळूचं खड्डं पाडल्यात, दुसऱ्यानं मधनं वढा काढलाय. डोळं बांधून सोडा, पायाखालच्या गवतावरनं वळखतो कंचं मैदान ते!”

“पोरानं लई फिरवलं की तुमास्नी!” शेजारचा शशिधर म्हणाला.

“व्हय की!” आबा म्हणाले.

&nbsp;

तिकडं लेकाच्या घरात दिवसभर कुणीच नसायचं. आबा एकटेच या मैदानावरून त्या मैदानावर चालत राहायचे, कुणीतरी थांबून ‘कुठलं पावणं?’ असं विचारील म्हणून.