नुसता उतार

धाकट्या दिराला एकच कला येत होती: चढावर सायकल मारताना वहिनी कशी धापा टाकते, त्याची नक्कल. परवा तर तिच्या नव्या जावयासमोरही त्याने ती करून दाखवली. सगळ्यांबरोबर वहिनीही हसली.

सुट्टीत सगळे डोंगरावर जमले, तेव्हा तिनेच त्याला जंगलातला एक रस्ता सुचवला. "गर्द सावली, चिटपाखरू नाही आणि नुसता उतार!" उतार म्हटल्यावर त्याने पुढचं काही विचारलंच नाही. शीळ घालत सायकलवरून सुटला.

तासाभराने फोन आला. "वहिनी, रस्ता तर खाली नदीपाशी संपला! परत कसा येऊ?"

"गेलात तसेच."

"एखादा टेम्पो तरी?"

"त्या रस्त्याला? छे हो!"

 

फोन ठेवता ठेवता वहिनी म्हणाली, "सावकाश या, भावजी. शेवटच्या चढावर आम्ही सगळे खुर्च्या टाकून बसलोय."