आवाज आणि ओठ

नायजेरियातल्या एनुगू शहरात व्हिडिओच्या दुकानातल्या ओबिओरानं आमच्या लग्नाची एकमेव कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली, तर आवाज चित्राच्या पुढे पळू लागला. बायकोला जाऊन वर्ष होत आलं. मला तिला बोलताना बघायचं होतं. पडद्यावर ती रिवाजाप्रमाणे ताडीचा पेला घेऊन मला गर्दीत शोधत होती, पण मी सापडल्याचा जल्लोष आधीच होऊन गेलेला. "दिसेल आणि ऐकूही येईल असं काहीतरी सांगा, बाबा. त्यावर जुळवतो." मी सांगितलं, "ती पेला देताना मी शिंकलो होतो." "नवरदेव होतात की बोकड?" हसत त्यानं माझी शिंक तोंडाशी आणून बसवली. मग पेला द्यायला माझ्यासमोर गुडघ्यांवर बसलेल्या तिचे ओठ हलले आणि त्याच क्षणी तिचा आवाज आला, "सांभाळ हं." शिंकणाऱ्याला आम्ही असंच म्हणतो. हरमॅटन वाऱ्याच्या धुळीनं घरी मी सारखा शिंकतो, आणि शिंकल्यावर क्षणभर थांबतो.