जुना कर्नेल

आईच्या उशाशी बसवलेलं बटण दाबलं, की जिन्याखालचा लिनक्सचा संगणक वरच्या मजल्यावर दादाच्या फोनपर्यंत हाक पोहोचवायचा. ही सोय बहिणीने करून दिली होती. दादाने हौसेने त्यावर नवा कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चढवला आणि त्याच दुपारी आई गेली. “झोपेतच गेली. बटण दाबलंच नाही तिने,” तो सांगत सुटला. बहिणीला तेवढंच पडताळायचं होतं. “उचल तुझं भंगार!” तो खेकसला. “उचलते. आधी चालू तर करू दे.” नव्या कर्नेलला हाक फोनकडे धाडणारं नेटवर्क कार्डच ओळखता येत नव्हतं. तिने संगणक पुन्हा सुरू करताना जुना कर्नेल निवडला. “झालं समाधान, बाईसाहेब?” दादाने खिजवलं. कार्डावर हिरवा दिवा लागला आणि त्या दुपारी अडकलेल्या हाका सुटल्या. दादाच्या खिशातला फोन वाजला, वाजतच राहिला. तिने त्याचा हात धरला. “बंद नको करूस. आई बोलावतेय.”